मॅरेथॉननंतरचे रिपोर्ट, हमखास होणारी सर्दी आणि हृदयाची भीती

लॅबवाली

मुंबई मॅरेथॉन उरकली की सोमवार-मंगळवारी आमच्या लॅबमध्ये एक ठरावीक मंडळी येतात. ओळखायला वेळ लागत नाही: जिना उतरताना कठडा धरायचा आणि एकेक पाय आडवा टाकायचा. बऱ्याच जणांच्या हातात चेकअपचं कूपन असतं. बिब (छातीवर लावायचा नंबर) घ्यायला गेलं की पिशवीत प्रोटीन बार, दुखण्यावरचा स्प्रे आणि हे कूपन मिळतं. बेचाळीस किलोमीटर झालेच आहेत तर शरीर एकदा तपासूनही घेऊ, असा साधा हिशेब.

संध्याकाळी रिपोर्ट व्हॉट्सॲपवर जातात आणि फोन सुरू होतात. "मॅडम, सीपीके अडीच हजार दाखवतंय, नॉर्मल दोनशेच्या आसपास लिहिलंय." "एसजीओटी वाढलंय हो, मी दारूच्या थेंबाला शिवलेलो नाही." एकाला तर घरच्यांनी तडक लिव्हरच्या डॉक्टरकडे नेलं होतं. दरवर्षी तेच ते फोनवर सांगण्यापेक्षा इथे एकदाच लिहून ठेवते, लिंक पाठवायला बरी.

लांब पळताना, आणि त्यातही उतारावर, मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच त्याला आवळून धरावं लागतं. त्यात स्नायूपेशींची आवरणं जागोजागी फाटतात आणि आतलं सीपीके हे एन्झाइम रक्तात उतरतं. ते रेसच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतं आणि काही हजारांत गेलं तरी धावपटूच्या बाबतीत नवल नाही. एसजीओटीला लोक लिव्हरचं एन्झाइम समजतात, पण ते स्नायूतही भरपूर असतं, एसजीपीटीही थोडं असतं. दोष लिव्हरचाच आहे का हे बघायचं तर जीजीटी आणि बिलिरुबिन बघा. जीजीटी स्नायूत जवळपास नसतंच. ती दोन्ही ठीक आणि सीपीके आभाळाला भिडलेलं असेल, तर लिव्हर बिचारं निर्दोष आहे. मात्र लघवी काळपट तपकिरी होत असेल किंवा होतच नसेल, तर रिपोर्टची वाट न बघता हॉस्पिटल गाठा. फुटलेल्या स्नायूंतलं मायोग्लोबिन किडनीला त्रास देतं, ते प्रकरण गंभीर.

आता पांढऱ्या पेशी. रेस संपल्यावर दोन-चार तासांत रक्त घेतलं तर त्या १५ हजार, कधी २० हजारही भरतात. ते बघून कुणीतरी अँटिबायोटिक लिहून देतं. पण नुसत्या त्या आकड्यावरून इन्फेक्शन ठरत नाही. पळायला लागलं की ॲड्रेनालिन वाढतं, रक्ताचा वेग वाढतो आणि एरवी रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसलेल्या पेशी प्रवाहात सुटतात. पुढे कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन चढलं की अस्थिमज्जेतून न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची कुमक येते. लिम्फोसाइट, म्हणजे पांढऱ्या पेशींचाच दुसरा प्रकार, पळताना वाढतात आणि थांबल्यावर तासा-दोन तासांत नेहमीपेक्षाही खाली जातात. हे काही नवं नाही. बोस्टन मॅरेथॉनच्या धावपटूंचं रक्त तपासून लॅराबी नावाच्या डॉक्टरने १९०२ सालीच हे छापलं होतं.

सीआरपी हे सूज दाखवणारं प्रथिन, तेही दुसऱ्या दिवशी वाढलेलं असतं. आठवड्या-दहा दिवसांत बहुतेक सगळं जागेवर येतं. कूपनला मुदत असते, तोवर दम धरा.

पळता_भुई

ताई, याची प्रिंट काढून सासऱ्यांच्या हातात देणार आहे. त्यांच्या मते मी "रक्त आटवतोय".

एक विचारायचं होतं. रेसनंतर चौथ्या-पाचव्या दिवशी मला सर्दी ठरलेली. घसा खवखवतो, मग नाक, मग आठवडाभर खोकला. आमच्या ग्रुपवर सगळे छातीठोकपणे सांगतात की फुल मॅरेथॉन पळालं की इम्युनिटी तीन दिवस झोपते. तुम्ही म्हणता लिम्फोसाइट खाली जातात, म्हणजे तेच ना?

लॅबवाली

ग्रुपवाले हवेत बोलत नाहीयेत, पाठीमागे अभ्यास आहेत. सगळ्यात गाजलेला डेव्हिड नीमन यांचा, १९८७ च्या लॉस एंजेलिस मॅरेथॉनवरचा. २,३११ धावपटूंनी माहिती भरून दिली. रेस पळालेल्यांपैकी १२.९ टक्के लोकांनी पुढच्या आठवड्यात आजारी पडल्याचं सांगितलं. तितकीच तयारी असून त्या दिवशी न पळालेल्यांत हे प्रमाण २.२ टक्के होतं. आठवड्याला ९७ किलोमीटरच्या वर पळणाऱ्यांना आजारपणाची शक्यता ३२ च्या खाली पळणाऱ्यांच्या दुप्पट.

त्याच्याही आधी, १९८२ साली केपटाउनच्या टू ओशन्स या ५६ किलोमीटरच्या रेसनंतर पीटर्स आणि बेटमन यांनी असंच मोजलं होतं. पळालेल्यांपैकी ३३.३ टक्के लोकांना दोन आठवड्यांत सर्दी-घशाचा त्रास, आणि न पळणाऱ्यांपैकी १५.३ टक्क्यांना. जोरात पळालेल्यांना त्रास जास्त.

यावरून दोन कल्पना रूढ झाल्या. एक नीमन यांचा जे-कर्व्ह: बैठ्या माणसापेक्षा माफक व्यायाम करणारा कमी आजारी पडतो, आणि अतोनात करणारा बैठ्यापेक्षाही जास्त. दुसरी ओपन विंडो: जबर व्यायामानंतर तीन तासांपासून तीन दिवसांपर्यंत शरीराचं दार सताड उघडं. कोपनहेगनच्या बेंटे क्लारलुंड पेडरसन यांचं नाव या दुसऱ्या कल्पनेशी जोडलेलं आहे.

शंकासुर

धागा चांगला चाललाय, पण इथे ब्रेक मारतो. हे दोन्ही अभ्यास माणसांनी स्वतः सांगितलेल्या लक्षणांवर उभे आहेत. कुणाच्या नाकात काडी घालून विषाणू तपासला नव्हता. २००७ साली ऑस्ट्रेलियात स्पेन्स आणि मंडळींनी तसं केलं, खेळाडूंच्या आजारपणात प्रत्यक्ष नमुने घेतले. ३७ पैकी फक्त ११ वेळा जंतू सापडला. उरलेल्यांचं काय? चार तास तोंडाने कोरडी, गार किंवा धुळीची हवा ओढली की घसा सुजतोच. ॲलर्जी असते, सुप्त दमा असतो. त्याला सर्दी म्हणायचं आणि खापर इम्युनिटीवर फोडायचं.

शिवाय सगळ्या शहरांत हेच दिसतं असंही नाही. २००० च्या स्टॉकहोम मॅरेथॉनचा अभ्यास बघा. रेसआधीच्या तीन आठवड्यांत आणि नंतरच्या तीन आठवड्यांत आजारपणाचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं.

आणि लिम्फोसाइट. रक्तात कमी झाले म्हणजे मेले असं धरलं गेलं. बाथ विद्यापीठाच्या कॅम्पबेल आणि टर्नर यांनी २०१८ मध्ये या सगळ्याची चिरफाड केली. त्यांचं म्हणणं, या पेशी रक्त सोडून फुफ्फुसं, आतडी, अस्थिमज्जा अशा ठिकाणी जातात, जिथे जंतू शिरण्याची किंवा पेशींची गरज असण्याची शक्यता जास्त. उंदरांच्या टी-पेशींना चमकणारा रंग लावून त्यांना पळवलं, तेव्हा पेशी नेमक्या तिथेच सापडल्या होत्या. अनंत चतुर्दशीला चौकीत पोलीस दिसत नाहीत म्हणून पुण्यातले पोलीस कमी झाले असं कुणी म्हणत नाही.

लॅबवाली

पोलिसांचं उदाहरण पटलं. कॅम्पबेल-टर्नर मीही वाचलंय, लिहिणारच होते. "इम्युनिटी झोपते" हे वाक्य आज कुणी जबाबदार माणूस इतक्या खात्रीने बोलणार नाही.

पण तुम्ही सगळंच उडवून लावताय, तेही पटत नाही. लाळेत आयजीए नावाचं अँटिबॉडी असतं, घशाची पहिली फळी. महिनोन् महिने कडक ट्रेनिंग करणाऱ्यांत त्याची पातळी उतरते, आणि ती एखाद्याच्या स्वतःच्या नेहमीच्या पातळीच्या बरीच खाली गेली की मागून आजारपण येतं, हे खेळाडूंवरच्या अभ्यासात दिसलंय. म्हणजे एका रविवारचा प्रश्न कदाचित नसेल, पण चार महिने पहाटे साडेचारला उठून, रात्री बाराला झोपून, वर वजन उतरवायला रात्रीचं जेवण टाळणारा माणूस आजारी पडतो, तेव्हा त्यात नवल काय? झोप आणि खाणं हे मैलांइतकंच मोजा.

खाण्याचा थेट संबंधही आहे. पळताना तासाला ३० ते ६० ग्रॅम साखर पोटात गेली तर कॉर्टिसॉल आणि आयएल-६ (सुजेशी जोडलेलं एक रसायन) कमी चढतात, हे नीमन यांच्याच पुढच्या कामात आलंय. आयएल-६ मॅरेथॉननंतर शंभर पटीपर्यंत वाढलेलं सापडतं, आणि त्यातलं बरंचसं कामावर असलेले स्नायूच सोडतात. स्नायूतला साखरेचा साठा, म्हणजे ग्लायकोजेन, संपत आलं की जास्त.

सौ_खवचट

मला एवढंच सांगायचंय की बिब घ्यायला ज्या हॉलमध्ये हे लोक दोन दोन तास रांगेत उभे राहतात, तिथे अर्धं शहर शिंकत असतं. मग पहाटेची खचाखच लोकल. मग रेस. मग स्पर्धकांचं एकमेकांच्या घामट गळ्यात पडून फोटो काढणं. सर्दी कुठून आली हे शोधायला प्रयोगशाळा लागत नाही.

आमच्याकडे पळतो एक आणि सर्दी होते तिघांना.

शंकासुर

:)) हेच म्हणतोय. कॅम्पबेल-टर्नर यांचाही हाच मुद्दा: गर्दी, प्रवास, झोपेची वाट लागणे.

केपटाउनकर

टू ओशन्सचा उल्लेख बघून लॉगिन केलं. नोकरीमुळे इकडे आहे आणि ही रेस पळालोय. १९८२ च्या त्या अभ्यासात तुलनेसाठी घेतलेली माणसं धावपटूंच्या घरातलीच होती, म्हणजे छप्पर तेच, हवा तीच. त्यामुळे सौ_खवचट, तुमच्या घरातला सर्व्हे त्यांच्या विरुद्ध जातोय.

इकडे ईस्टरच्या सुमारास रेस असते, उन्हाळा सरून हवा पालटत असते. चॅपमन्स पीकच्या चढावर समुद्रावरचा गार वारा थेट तोंडात. वर पोचेपर्यंत नाक वाहायला लागलेलंच असतं, विषाणूचा संबंध नसताना. शंकासुर यांच्या मुद्द्याला माझ्या नाकाचा पाठिंबा.

अजून एक दक्षिण आफ्रिकन गोष्ट. कॉम्रेड्स आपल्याकडच्या बऱ्याच धावपटूंना माहीत आहे, पीटरमॅरिट्सबर्ग आणि डर्बनच्या मधली ९० किलोमीटरच्या आसपासची रेस. तिथल्या धावपटूंना पीटर्स यांनीच रोज ६०० मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी देऊन पाहिलं. औषध नसलेल्या साध्या गोळ्या मिळालेल्यांपैकी ६८ टक्के लोकांना नंतर सर्दी झाली, व्हिटॅमिनवाल्यांपैकी ३३ टक्क्यांना. पुढे कॉक्रेन या अभ्यासांचा आढावा घेणाऱ्या संस्थेने अशा पाच चाचण्या एकत्र केल्या: मॅरेथॉनपटू, स्कीइंग करणारे आणि कडाक्याच्या थंडीतले सैनिक. त्यांच्यात सर्दीचं प्रमाण जवळपास निम्मं झालेलं दिसलं. सर्वसामान्य लोकांना तीच गोळी रोज घेऊन सर्दी टाळता येत नाही, हेही तिथेच लिहिलंय.

पळता_भुई

आवळा चालेल का? सासऱ्यांच्या परसात झाड आहे. (खरंच विचारतोय.)

निवांत_काका

चर्चा वाचतोय. सर्दीचं तुम्ही बघा, माझी चिंता वेगळी आहे. वय ५६, गेली काही वर्षं नेमाने हाफ मॅरेथॉन पळतो. दर जानेवारीत कुठल्या ना कुठल्या शहरात धावपटू कोसळल्याची बातमी येते आणि ती आमच्या फॅमिली ग्रुपवर मला टॅग करून टाकली जाते. सोबत तो ग्रीक माणूस मॅरेथॉनहून अथेन्सपर्यंत धावत जाऊन निरोप देऊन मेला ती गोष्ट. बायकोचं म्हणणं, हृदयाचे ठोके मोजून मिळालेले असतात, तू उधळतोयस. यावर काय उत्तर द्यावं?

हृदयस्थ

काका, मी कार्डिऑलॉजीत आहे. इथे वैयक्तिक सल्ला देत नाही, पण या हिशेबाचं उत्तर सोपं आहे. नेमाने पळणाऱ्याचे विश्रांतीतले ठोके मिनिटाला ५०-५५ वर येतात, बैठ्या माणसाचे ७५ असतात. दिवसातून तास-दीड तास १५० ने पळूनही चोवीस तासांच्या बेरजेत वहिनींचा पक्ष हरतो.

ठोके कमी का होतात? हृदय एका ठोक्यात जास्त रक्त टाकायला लागतं. बसल्या जागी मिनिटाला ५ लिटरच्या आसपास रक्त फिरतं. बेताच्या माणसाचं हृदय सगळा जोर लावून २० पर्यंत जातं, मुरलेल्या धावपटूचं ३० च्या पुढे. त्यासाठी डावा कप्पा मोठा होतो, भिंत थोडी जाड होते. स्वीडनच्या हेन्शेन यांनी १८९९ मध्ये स्कीइंग करणाऱ्यांच्या छातीवर बोटांनी ठोकून ठोकून हे ताडलं होतं. तेव्हा एक्स-रे नुकते आले होते, इको (हृदयाची सोनोग्राफी) तर सोडाच.

तुम्ही मुंबईत पळत असाल तर एक गोष्ट घड्याळात बघितली असेल. पेस तोच ठेवलाय, चढही नाही, तरी सी-लिंक उतरल्यावर ठोके वर वर जात राहतात. घामाने रक्तातलं पाणी कमी होतं, शिवाय गरम झालेल्या त्वचेकडेही रक्त पाठवावं लागतं. एका ठोक्यातला माल कमी झाला की ठोके वाढवावे लागतात. याला कार्डियाक ड्रिफ्ट म्हणतात. फुलवाल्यांना पेडर रोडचा चढ दुसऱ्यांदा लागतो तेव्हा ऊन वर आलेलं असतं आणि ड्रिफ्ट ऐन भरात. पहाटेचा पेस तिथे हट्टाने धरून ठेवू नये.

आता भीतीचा भाग. मॅरेथॉननंतर बहुतेकांचं ट्रोपोनिन वाढतं. हो, तेच जे हार्ट अटॅकमध्ये बघतात. बोस्टनला २००४ आणि २००५ च्या रेसनंतर ६० हौशी धावपटू तपासले, तर निम्म्याहून जास्त लोकांचं नॉर्मलच्या वर होतं. उजवा कप्पा तात्पुरता फुगलेला, थकलेला. आठवड्याला ५६ किलोमीटरपेक्षा कमी तयारी करून आलेल्यांत हे जास्त. एक-दोन दिवसांत ते उतरतं. अटॅकमध्ये ते ठरावीक पद्धतीने चढतं-उतरतं आणि सोबत छातीत दुखणं, ईसीजीतले बदल असतात. म्हणून लॅबवाली यांच्या धाग्याला माझी पुरवणी: काहीही होत नसताना हौसेने रेसनंतर ट्रोपोनिन करू नका. आणि छातीत दाब, डाव्या हाताला किंवा जबड्याला कळ असेल, तर "रेसमुळे वाढतंच" म्हणून अंगावर काढूही नका.

मृत्यूचं म्हणाल तर अमेरिकेत २००० ते २०१० मध्ये फुल आणि हाफ पळालेल्या १ कोटी ९ लाख लोकांची नोंद तपासली गेली. हृदय बंद पडण्याच्या घटना ५९, त्यात ४२ जण गेले. साधारण १ लाख ८४ हजारांत एक. फुलमध्ये हाफच्या जवळपास चौपट, आणि ५९ पैकी ५१ पुरुष. पुढची फेरी २०२३ पर्यंतची, २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. पळणारे २ कोटी ९३ लाख. हृदय बंद पडण्याचं प्रमाण तेवढंच राहिलं, पण मृत्यूचं निम्म्यावर आलं. हृदयं काही सुधारली नाहीत. शेजारी पळणाऱ्याने लगेच छाती दाबायला घेतली आणि एईडी (हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र) वेळेत पोचलं. बसलेल्या जागेवरून टॅग करणाऱ्या नातेवाइकांना सीपीआर शिकायला पाठवा, ते जास्त उपयोगी.

सातारी_घाट

यावर राहवलं नाही म्हणून लिहितो. सातारा हिल हाफला मी फिनिश लाइनला स्वयंसेवक असतो. यवतेश्वरचा घाट चढून परत उतरून आलेली माणसं. गडी झकास पळत येतो, हात वर करून फोटो देतो, चटईवरून पलीकडे पाय टाकतो, घड्याळ बंद करायला खाली बघतो आणि तिथेच पांढरा पडून गुडघ्यावर येतो. पहिल्यांदा बघणाऱ्याची पाचावर धारण बसते. आम्हाला शिकवलंय की बोलतोय का बघायचं, श्वास बघायचा, मग आडवा करून पाय खुर्चीवर ठेवायचे. पाच मिनिटांत तोच गडी विचारतो, मेडल कुठं मिळतंय?

डॉक्टर, हे नेमकं काय होतं?

हृदयस्थ

पळताना पोटऱ्या प्रत्येक पावलाला पायातलं रक्त वर ढकलत असतात. एकदम थांबलं की तो पंप बंद. पायातल्या रक्तवाहिन्या मात्र अजून सताड उघड्या. रक्त खाली साचतं, हृदयाकडे परत येत नाही, बीपी कोसळतं. म्हणून पाय वर. सलाइनची घाई बहुतेकांना लागत नाही. रेस संपल्यावर दहा मिनिटं चालत राहा हे माइकवरून ओरडतात, त्यामागे हेच कारण.

तुमच्यासाठी कामाची खूण सांगतो. रेषेच्या पलीकडे पडलेला बहुतेक वेळा असाच असतो. रेषेच्या अलीकडे, पळता पळताच कोसळला, तर तो गंभीर धरायचा: हृदय, उष्माघात किंवा रक्तातलं सोडियम घसरणं. आणि जो हाकेला ओ देत नाही, नीट श्वास घेत नाही, त्याचे पाय वर करण्यात वेळ घालवू नका, छाती दाबायला घ्या आणि एईडीसाठी कुणाला तरी नाव घेऊन पळवा. नुसतं "कुणीतरी आणा" म्हटलं की कुणीच जात नाही.

निवांत_काका

उत्तम. बायकोला वाचून दाखवलं, ठोक्यांच्या बेरजेवर ती गप्प बसली. आता म्हणते, "मग टीएमटी (ट्रेडमिलवरची हृदयाची चाचणी) नॉर्मल आलीय ना, संपला विषय." संपला का?

हृदयस्थ

नाही. टीएमटी हृदयाच्या धमनीतला मोठा अडथळा दाखवते. तीस-चाळीस टक्क्यांची मऊ गाठ रक्त अडवत नाही, त्यामुळे ती टीएमटीत सहसा दिसत नाही, पण जोराच्या रेसमध्ये तीही फुटू शकते. पस्तिशीच्या आतल्या धावपटूत जन्मजात दोष, जाड हृदयस्नायू अशी कारणं शोधतात. पस्तिशीनंतर नंबर एक कारण कोरोनरी धमन्या. आपल्या लोकांत हे लवकर येतं. इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियात पहिल्या अटॅकचं वय सरासरी ५३ च्या आसपास निघालं, इतर देशांत ५९ च्या. त्यामुळे वडील-भावांना लवकर अटॅक आलाय का, साखर, बीपी, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल), तंबाखू, हे टीएमटीच्या कागदापेक्षा आधी बघावं. पळतो म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी बंद करणारे लोक आमच्याकडे नेहमी येतात.

पळण्याने धमन्या निरोगीच राहतात असाही भ्रम नको. बोस्टन सात वेळा जिंकलेले क्लॅरेन्स डेमार १९५८ मध्ये कॅन्सरने गेले. शवविच्छेदनात त्यांच्या कोरोनरी नेहमीपेक्षा दुप्पट-तिप्पट रुंद सापडल्या, आणि त्यावर पुढे बऱ्याच कहाण्या उभ्या राहिल्या. पण बेल्जियममध्ये आयुष्यभर दमदार व्यायाम केलेल्यांच्या धमन्या तपासल्या, तेव्हा तंदुरुस्त पण खेळाडू नसलेल्यांपेक्षा त्यांच्यात गाठी कमी नव्हत्या, उलट जास्तच होत्या. स्वीडनच्या ९० किलोमीटरच्या वासालोपेट स्की रेसमध्ये जास्त वेळा आणि जास्त वेगाने भाग घेणाऱ्यांत ठोक्यांची अनियमितता जास्त आढळली. तरीही पळणारे बैठ्यांपेक्षा जास्त जगतात. हाफवाल्या काकांनी यातून पळणं सोडू नये, तपासणी सोडू नये.

रातराणी

घाईत विचारतेय. रविवारी माझी हाफ आहे. काल रात्रीपासून १०१ ताप, अंग मोडून आलंय, घसा दुखतोय. फी गेली ते जाऊ दे, पण तयारी वाया जाईल. शनिवारपर्यंत ताप उतरला तर पळू का?

पळता_भुई

क्रोसिन घ्या, इलेक्ट्रॉल प्या आणि सावकाश पळा. मी पळालोय असा. काही होत नाही.

लॅबवाली

पळता_भुई, हा सल्ला कृपया काढून टाका. क्रोसिनने आकडा उतरतो, आजार तिथेच असतो.

हृदयस्थ

लॅबवाली यांच्याशी शंभर टक्के सहमत. रातराणी, नका पळू. सगळ्या धाग्यात मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट तुम्ही विचारलीत.

साधी सर्दी, नाक वाहतंय, ताप नाही, अंग दुखत नाही, तर हलकं पळून बघायला हरकत नसते. मानेच्या खाली उतरलं, म्हणजे ताप, अंगदुखी, छातीतला खोकला, धाप, तर बूट कपाटात. काही विषाणू हृदयाच्या स्नायूत शिरतात. कॉक्सॅकी नावाच्या विषाणूची लागण झालेल्या उंदरांना जबरदस्तीने पोहायला लावलं, तर त्यांच्या हृदयातला विषाणू प्रचंड वाढला आणि कितीतरी जास्त मेले. स्वीडनमध्ये १९७९ ते १९९२ मध्ये ओरिएंटियरिंग करणारे, म्हणजे नकाशा घेऊन जंगलात पळणारे १६ खेळाडू अचानक मेले. अनेकांच्या हृदयस्नायूत सुजेच्या खुणा सापडल्या. तिथल्या संघटनेला स्पर्धा काही काळ थांबवाव्या लागल्या, आणि आजारपणात न पळण्याचे नियम कडक केले गेले.

तुमच्या बाबतीत असं होईल असं अजिबात म्हणत नाही, बहुतेकांना होत नाही. पण कुणाला होईल हे आधी कळत नाही. ताप जाऊन अंगात ताकद आली, की आधी चालणं, मग हलकं पळणं. त्यात छातीत दुखलं, धडधडलं, नेहमीच्या चढाला दम लागला, तर ईसीजी, ट्रोपोनिन, इको. तेव्हा ट्रोपोनिन जरूर करा. मायोकार्डायटिस (हृदयस्नायूची सूज) निघाला तर तीन ते सहा महिने जोराचा व्यायाम बंद असतो. त्यापुढे एक हाफ काहीच नाही.

पळता_भुई

काढला सल्ला. तसा हट्ट नव्हता.

मग दुखण्यावरच्या गोळ्यांचं काय? आमच्याकडे स्टार्टच्या आधी ब्रुफेन घेणारे निम्मे आहेत. गुडघ्याला आधार म्हणून.

लॅबवाली

कॅलिफोर्नियाची वेस्टर्न स्टेट्स ही १६० किलोमीटरची रेस. तिथे नीमन यांनी ब्रुफेन घेणाऱ्या आणि न घेणाऱ्यांचं रक्त तपासलं. घेणाऱ्यांचं दुखणं कमी नव्हतं, सीपीकेही कमी नव्हतं. सूज दाखवणारी रसायनं मात्र जास्त होती, आणि आतड्यातून गळून रक्तात आलेलं जंतूंचं विषही. पळताना आतड्याचा आणि किडनीचा रक्तपुरवठा आधीच तुटपुंजा असतो, त्यात ही गोळी. रेसनंतर किडनीवरचा ताण दाखवणारं क्रिएटिनिन वाढलेलं बऱ्याच जणांत दिसतंच, त्यात भर कशाला.

सातारी_घाट

आणि पाणी? आमच्या पॉइंटवर काही जण दोन दोन बाटल्या संपवून जातात, "डिहायड्रेशन नको" म्हणत. त्यांना अडवावं का?

हृदयस्थ

सावकाश पळणाऱ्यांना अडवा. २००२ च्या बोस्टनला ४८८ जणांचं सोडियम मोजलं, तर १३ टक्के लोकांचं कमी निघालं, तिघांचं जिवावर बेतेल इतकं. धोका त्यांना होता ज्यांनी खूप पाणी प्यायलं, ज्यांना चार तासांच्या वर लागले आणि ज्यांचं वजन रेसनंतर वाढलेलं होतं. तहान लागेल तसं प्यावं, इलेक्ट्रॉल घेतलं तरी अति पाण्याची भरपाई होत नाही. तुमच्या मेडिकल तंबूत वजनकाटा ठेवा. पळून आलेल्याचं वजन वाढलेलं असेल, डोकं दुखतंय, ओकारी होतेय, बरळतोय, तर त्याला आणखी पाणी पाजू नका, साधं सलाइनही लावू नका, सोडियम तपासायला थेट हॉस्पिटलला पाठवा.